आजीच्या बायबलातलं वचन माझ्या फोनमध्ये का नाही?

श्रीरामपूरकर

जय ख्रिस्त मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे घरसभा होती. माझी आजी ८४ वर्षांची. नजर गेलीय, पण वचनं पाठ. तिचं बायबल तिच्या सासऱ्यांचं, कडेला सुतळीने शिवलेलं, वर मेणकापड. पाळकसाहेबांनी योहानाच्या पहिल्या पत्राचा ५ वा अध्याय घ्यायला सांगितला आणि मी फोनवरून मोठ्याने वाचत होतो. ७ व्या वचनाला आजीने मला थांबवलं. म्हणाली, "एक ओळ गाळलीस." आणि तिने ती म्हणून दाखवली: "कारण स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, बाप, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत."

मी पुन्हा पाहिलं. फोनमध्ये तसं काही नाही. तिथे आत्मा, पाणी आणि रक्त साक्ष देतात, एवढंच. आजीचं पुस्तक उघडलं तर तिची ओळ छापलेली! पाळकसाहेब म्हणाले, "आवृत्तीचा फरक आहे," आणि पुढे गेले.

माझे धाकटे काका तीन वर्षांपासून यहोवाच्या साक्षीदारांकडे जातात. ते लोक त्रैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत. माणूस सरळ आहे, आजीची औषधं तेच आणून देतात. सभेनंतर चहाला आले आणि म्हणाले, "त्रैक्याचं एवढं एकच उघड वचन होतं, तेही मागाहून घुसवलेलं निघालं. आता योहान १:१ बघ. ग्रीकमध्ये 'शब्द एक देव होता' असंच आहे." आपल्या बायबलात तिथे 'शब्द देवासह होता आणि शब्द देव होता' आहे, शब्द म्हणजे ख्रिस्त. आजी त्या रात्री जेवली नाही.

मला काकांना हरवायचं नाही. खरं काय ते हवंय. ओळ कुणी घातली, कुणी काढली? आणि भाषांतरकाराच्या एका शब्दावर आपला विश्वास टांगलेला आहे का?

बाई_मराठीच्या

दादा, तुमच्या आजींना माझा सलाम सांगा. मी २६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीआधी एका वयस्कर पाळकांकडे ग्रीक शिकले आणि आता नंदुरबारकडच्या एका बोलीतलं नव्या कराराचं भाषांतर तपासायला मदत करते. म्हणून या वचनाशी माझी जुनी ओळख आहे.

आधी सरळ उत्तर. काकांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. ती ओळ योहानाची नाही.

योहानाच्या या पत्राची ग्रीक हस्तलिखितं शेकडो आहेत. त्यांतल्या मोजून काही थोड्यांत ही ओळ सापडते, तीही काहींत समासात नंतरच्या हाताने लिहिलेली. १४ व्या शतकाच्या आधीच्या एकाही ग्रीक पोथीत ती मुख्य मजकुरात नाही. ओळ आली लॅटिनमधून. ४ थ्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या प्रिस्किलियन नावाच्या बिशपाच्या लिखाणात ती दिसते. "आत्मा, पाणी, रक्त" या तिघांवर कुणी तरी केलेलं ते विवरण असावं. समासात लिहिलेलं असणार, आणि पुढच्या नक्कलकाराला ते सुटलेलं वाक्य वाटून त्याने मजकुरात घेतलं असणार. आपल्याकडच्या पोथ्यांतही असं झालेलं आहे. संतांच्या गाथांत कुणाचे अभंग कुणाच्या नावावर गेले, हा वाद मराठीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असतो. त्यात फसवण्याचा हेतू असावाच लागतो असं नाही.

आता इरॅस्मस, नेदरलँडचा विद्वान. १५१६ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेलला ग्रीक नवा करार छापला आणि ही ओळ घेतली नाही, कारण त्याच्या ग्रीक पोथ्यांत ती नव्हती. १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही नाही. त्यावर गदारोळ झाला, तो त्रैक्य मोडतोय असा आरोप आला. मग एक ग्रीक पोथी पुढे आली, तिच्यात ओळ होती, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती छापली. "एक तरी पोथी दाखवा, मी छापतो" असं त्याने वचन दिलं होतं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही, तेव्हा काकांशी बोलताना ती वापरू नका. तीच पोथी आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे.

त्या पोथीतली एक गोष्ट तुम्हाला जवळून दाखवते. ग्रीकमध्ये नामाआधी उपपद येतं, इंग्रजीच्या 'द' सारखं. अशा जागी ग्रीक माणूस "तो पिता, तो शब्द" असं उपपद लावूनच लिहील. डब्लिनच्या पोथीत या ओळीतल्या पिता, शब्द आणि आत्मा यांना उपपद नाही. का? कारण लॅटिनमध्ये उपपद नसतंच. लिहिणारा समोर लॅटिन ठेवून ग्रीक करत होता आणि त्याची मूळ भाषा ओळीतून डोकावली. आमच्या वर्गात मुलं इंग्रजी निबंधात 'द' विसरायची तेव्हा मनातलं मराठी असंच कागदावर दिसायचं. या एका खुणेने मला पटलं, बाकी सगळे पुरावे नंतर वाचले.

इरॅस्मसच्या छापील मजकुरावरून पुढची भाषांतरं झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलात ती ओळ आली, आणि त्याच परंपरेतून जगभरच्या जुन्या मिशनरी भाषांतरांत गेली. तुमच्या आजींच्या पुस्तकात ती तशी पोचली. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारातून ती काढली गेली, आणि रोमच्या चर्चच्या १९७९ च्या नव्या लॅटिन बायबलातही ती नाही.

पण काकांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चुकतो. "एवढं एकच वचन होतं" असं ते म्हणाले. ३२५ मध्ये निकायाला परिषद भरली आणि पुढे पन्नास-साठ वर्षं आरियसच्या मताशी (पुत्र देवाने निर्मिलेला, बापाच्या बरोबरीचा नाही) ग्रीक बिशपांचं भांडण चाललं. त्या सगळ्या लिखाणात एकाही ग्रीक लेखकाने हे वचन पुढे केलेलं नाही. हातात असतं तर पहिल्याच दिवशी काढलं असतं! म्हणजे त्रैक्याचा विचार या ओळीशिवायच उभा राहिला आणि ओळ त्या विचारातून जन्मली. घर आधी झालं, पाटी नंतर लागली.

योहान १:१ वर रात्री लिहिते. ते काम सावकाश करायचं आहे.

विश्वासू_सेवक

बाई, माफ करा, पण प्रकटीकरण २२:१९ वाचा. या पुस्तकातले शब्द जो काढून टाकील त्याचं काय होईल ते तिथे लिहिलंय. आज एक वचन काढलं, उद्या दुसरं काढाल. आमच्या वाडवडिलांनी त्या वचनावर प्राण सोडले.

बाई_मराठीच्या

बंधू, तुमची कळकळ मला समजते. पण त्याच्या आधीचं वचन, २२:१८, शब्द घालणाऱ्यांविषयी आहे. दोन्ही एकत्र वाचू या.

आणि मार्टिन ल्यूथर बघा. त्रैक्य मानण्यात तो कुणापेक्षा कमी नव्हता. तरी १५४६ मध्ये तो वारला तोवर त्याच्या जर्मन बायबलात ही ओळ त्याने येऊ दिली नाही. त्याच्या मृत्यूनंतर कैक वर्षांनी इतरांनी ती घातली. उलट बाजूला आयझॅक न्यूटन. त्याला त्रैक्य पटत नव्हतं. १६९० मध्ये त्याने तत्त्वज्ञ जॉन लॉकला लांबलचक पत्र लिहून हीच ओळ आणि १ तीमथ्य ३:१६ मागाहून बिघडवलेली आहेत असं मांडलं. ते छापलं गेलं १७५४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्रैक्य मानणारा आणि न मानणारा, दोघे या ओळीबाबत एकाच निष्कर्षाला आले. प्रश्न श्रद्धेचा असता तर असं झालं नसतं. तो पोथ्यांचा प्रश्न आहे.

तीमथ्याचं वचन निघालंच आहे तर सांगते. "देव देहात प्रकट झाला" की "जो देहात प्रकट झाला"? जुन्या ग्रीक लिपीत 'जो' साठी दोन अक्षरं, आणि 'देव' हा शब्द आखडून लिहिला की तीच दोन, फक्त पहिल्याच्या पोटात एक आडवी रेघ आणि वर एक रेघ. आपला 'व' आणि 'ब' आठवा, तेवढाच फरक. लंडनला ५ व्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्याच्या त्या पानावर पोटातली रेघ खरी की पाठीमागच्या अक्षराची उमटलेली, यावर विद्वान अनेक वर्षं भिंग घेऊन भांडले. आता बहुतेक भाषांतरं 'जो' किंवा 'तो' घेतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

नाशिकचा_वाचक

मी साक्षीदारांच्या सभांना जातो. बाईंनी ७ व्या वचनाबद्दल खरं सांगितलं त्याचं बरं वाटलं. पण मग १:१ लाही तोच न्याय लावा. "काय थेओस एन हो लोगोस." (थेओस म्हणजे देव, लोगोस म्हणजे शब्द.) शेवटच्या भागात 'थेओस'ला उपपद नाही. आमच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतरात म्हणूनच 'एक देव' असा अर्थ दिलाय. आणि इजिप्तमधल्या जुन्या कॉप्टिक भाषांतरातही तिथे अनिश्चित उपपद आहे. ते तर आमचे लोक नव्हते.

बाई_मराठीच्या

कॉप्टिकचा मुद्दा खरा आहे, आणि तो मांडल्याबद्दल आभार. साहिदिक या कॉप्टिकच्या बोलीत तिथे अनिश्चित उपपद आहे. फक्त त्या भाषेत ते उपपद गुण सांगायलाही लावतात, त्यामुळे 'एक देव' हा त्याचा एकच अर्थ होत नाही.

आता ग्रीक. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये निश्चित उपपद आहे, अनिश्चित नाहीच. उपपद नसलं की वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ व्या वचनाच्या सुरुवातीला 'थेओस' उपपदाविनाच आहे, आणि तुमच्या भाषांतरातही तिथे 'एक देव' केलेलं नाही. म्हणजे नुसतं उपपद नाही म्हणून 'एक' असा नियम धरता येत नाही. दुसऱ्या टोकाला आमची माणसं कोलवेल या ग्रीकच्या अभ्यासकाचा १९३३ चा नियम दाखवतात: क्रियापदाआधी आलेल्या विधेयाचं उपपद बहुधा गळतं, म्हणून 'तो देवच'. तोही नियम इथे एकट्याने काही सिद्ध करत नाही. कोलवेलने मुळात निश्चित अर्थाची नामं घेऊन त्यांचं काय होतं ते पाहिलं होतं. उपपद नसलेलं नाम निश्चितच असतं, असं त्यावरून निघत नाही.

मला पटतं ते मराठीतून सांगते. "डॉक्टर झाला तरी तोही माणूस आहे." या वाक्यात 'माणूस' म्हणजे कोण? अमुक तो माणूस नव्हे, आणि कुठला तरी एक माणूसही नव्हे. माणसाचं जे माणूसपण आहे ते त्याच्यात पुरेपूर आहे, असं आपण म्हणतो. योहानाने 'थेओस' वाक्यात आधी आणून, उपपद न लावता, असंच म्हटलंय असं मी वाचते. त्याने उपपद लावलं असतं तर आधीच्याच भागात शब्द ज्याच्यासह होता, तो पिता आणि हा शब्द एकच, असा अर्थ निघाला असता. योहानाने तो मार्ग बंद केला. आणि "एक देव" म्हटलं तर एकच देव मानणाऱ्या यहुदी माणसाच्या पहिल्याच वाक्यात दोन देव येतात.

आपलं मराठी बायबल म्हणतं "शब्द देव होता". आपल्याला उपपद नाही, मोठं अक्षर नाही. लॅटिनचंही तसंच होतं. त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला "शब्दासह असलेला देव" आणि "शब्द देव होता" यांतला फरक दिसतच नाही, दोन्हीकडे तोच 'देव'. हा आमच्या भाषेचा दोष नाही, पण तिथे टीप हवी, आणि टीप कुणी देत नाही. बोलीतल्या भाषांतरात मी याच जागी तीन आठवडे अडले होते. तिथे 'देव' हा शब्द डोंगरावरच्या प्रत्येक देवाला चालतो. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "किती देव ऐकू आले?" त्या म्हणाल्या, "एकच, पण दोघं आहेत." आम्ही ते वाक्य ठेवलं.

कोलकात्यातला_मराठी

एका शब्दावरून माणसं कशी फुटतात, त्याचं उदाहरण आमच्या शहरात आहे. १८२१ च्या सुमारास विल्यम अॅडम आणि विल्यम येट्स हे दोन बॅप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉय यांच्यासोबत शुभवर्तमानांचं बंगाली भाषांतर करायला बसले. योहान १:३ ला गाडी अडली. सर्व काही 'त्याने' झालं की 'त्याच्या द्वारे' झालं? ग्रीक शब्द 'दिआ'. अॅडम म्हणाला, अर्थ 'द्वारे' आहे. येट्सला त्यात आरियसवादाचा वास आला आणि तो कामातून बाहेर पडला. अॅडमने त्याच वर्षी त्रैक्य सोडल्याचं जाहीर केलं. विरोधकांनी त्याला 'पतन पावलेला दुसरा आदाम' म्हटलं. राममोहन बाबूंचा श्रीरामपूरच्या मार्शमन या बॅप्टिस्ट मिशनऱ्याशी त्याच काळात लेखी वाद चालू होता (आमचं बंगालमधलं श्रीरामपूर, प्रश्नकर्त्यांचं नव्हे). १८२३ चं त्यांचं शेवटचं उत्तर बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने छापायला नकार दिला आणि त्यांना स्वतःचा छापखाना घालावा लागला.

बाई_मराठीच्या

ही गोष्ट मी आमच्या भाषांतर गटात नेहमी सांगते. व्याकरणात अॅडमचंच बरोबर होतं. 'दिआ' म्हणजे 'द्वारे'. येट्सची भीती अशी की पुत्र मग गवंडी ठरेल, घर बापाने बांधून घेतलं आणि याने फक्त विटा रचल्या. पण पौलाने रोमकरांस ११:३६ मध्ये खुद्द देवाविषयी तोच 'दिआ' वापरलाय: त्याच्यापासून, त्याच्या द्वारे, त्याच्यासाठी. मग 'द्वारे' म्हटल्याने कुणी खालचा ठरत नाही. आपल्या मराठी बायबलात योहान १:३ ला 'त्याच्या द्वारे' असंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या मंडळी ते वाचतात आणि त्रैक्याची गीतंही गातात. येट्सने टेबल सोडायला नको होतं, आणि अॅडमनेही एका अव्ययावर एवढं ओझं टाकायला नको होतं.

वसईची_लेक

मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मला बायबलातल्या शब्दांपेक्षा 'तीन व्यक्ती' हा शब्द जास्त नडतो. आठ वर्षांच्या मुलाला त्रैक्याचं चित्र काढायला सांगितलं तर त्याने एका बाकावर तीन माणसं बसवली. चूक त्याची नाही. मराठीत व्यक्ती म्हणजे रेशनकार्डावर मोजतात ती.

फादरांनी मला सांगितलं की हा घोळ ४ थ्या शतकातही होता. ग्रीक लोक 'तीन हायपोस्टॅसिस' (तीन वेगळी अस्तित्वं) म्हणायचे. त्या शब्दाचं लॅटिन शब्दशः केलं तर होतं 'सब्स्टान्शिया', म्हणजे तत्त्व, आणि लॅटिनवाले तर 'एक सब्स्टान्शिया' म्हणत होते. एकमेकांना ते पाखंडी वाटले. संत जेरोम सिरियाच्या वाळवंटात होता, त्याने थेट पोप दमाससला पत्र लिहून विचारलं की या लोकांच्या बरोबर 'तीन' म्हणू का. त्याच्या काही वर्षं आधी, ३६२ मध्ये, अलेक्झांड्रियाला तिथल्या अथनासियस बिशपने दोन्ही बाजूंना समोर बसवून विचारलं होतं, "या शब्दाने तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?" आणि दोघांना तेच म्हणायचं होतं असं निघालं.

श्रीरामपूरकर दादा, काकांना हाच प्रश्न विचारून बघा. 'त्रैक्य' म्हटल्यावर त्यांना काय ऐकू येतं? कदाचित ते ज्याला नाही म्हणतात त्याला मीही नाहीच म्हणेन.

बाई_मराठीच्या

लेकी, फार मोलाचं सांगितलंस. पंडिता रमाबाईंची आठवण आली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या वाँटेज गावच्या मठातल्या भगिनींशी त्रैक्यावरून पत्रांत वाद घालत राहिल्या. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मान्य करायचं त्यांना जमत नव्हतं, शास्त्रात स्वतः वाचायचं होतं. पुढे त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि केडगावला अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम १९२२ मध्ये मरेपर्यंत केलं. शंका विचारणाऱ्या बाईने केलेलं भाषांतर आहे ते. माझ्या टेबलावर ते कायम असतं.

श्रीरामपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजीला बाईंचं पहिलं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. डब्लिनच्या पोथीतल्या उपपदाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. मग बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "नसेल योहानाचं तर नसेल. पण १८८१ म्हणजे माझ्या बापाच्या जन्माच्या आधी. इतक्या पाळकांनी माझ्या घरात जेवण केलं, एकानेही मला सांगितलं का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाळकसाहेबांना फोन करून ते तसंच सांगितलं. ते येत्या गुरुवारी पुन्हा येतायत, या वेळी टिपांचं बायबल घेऊन.

काकांनाही बोलावलंय. वसईच्या ताईंचा प्रश्न त्यांना विचारला तर म्हणाले, "तीन देव." आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, तीन कुणी म्हटलं?" आणि त्या दोघांचं पहिल्यांदाच नीट बोलणं सुरू झालं, मी मध्ये पडलो नाही.

आम्ही योहान १:१ ते १:१८ वाचायचं ठरवलंय. बाई, १८ व्या वचनाला माझ्या फोनमध्ये खाली टीप दिसते, काही जुन्या प्रतींत 'पुत्र' च्या जागी 'देव' आहे म्हणून. गुरुवारच्या आत त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?

बाई_मराठीच्या

लिहिते. इजिप्तमध्ये सापडलेल्या दोन फार जुन्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींत) तिथे 'एकुलता एक देव' आहे, आणि नंतरच्या बहुसंख्य पोथ्यांत 'पुत्र'. जुन्या प्रतींकडे माझा कल आहे. पण ही ओळ आपल्या बाजूची म्हणून मी ती उचलतेय असं काकांना वाटायला नको, तेव्हा दोन्ही बाजूंचे पुरावे उद्या सविस्तर टाकते. आजींना वाचून दाखवता येईल असं लिहीन.